अक्षताचा पायगुण आणि हरवलेल्या एन्क्वायरी

तांब्याच्या मोठ्या परातीत एकोणीस मोबाईल ओळीने निजवले होते आणि प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट लागलं होतं. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या पोपटशेठ भोईरांच्या शेडमध्ये त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. वेल्डर होते, पॉलिशवाले होते, शेजारच्या चार शेडचे मालक होते, चहावालासुद्धा किटली खाली ठेवून माना उंचावत होता. परातीपुढे नामांकगुरू रणजीतजी डोळे मिटून बसले होते. पांढरा झब्बा, मनगटात तीन कडी, आणि गळ्यात रुद्राक्षांच्या माळेशेजारी ब्लूटूथचा हेडफोन. वरून फोन आला तर घ्यायला नको का!

भोईरांच्या शेडमध्ये हॉटेलच्या स्वयंपाकघराचं सामान बनतं. इडलीची मोठी भांडी, डोशाच्या भट्ट्या, सिंक, टेबलं. पोपटशेठनी आपल्या आईच्या, केशरबाईच्या नावावरून कंपनीचं नाव 'केशर किचन' ठेवलं होतं आणि वेबसाईटचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नावही, तेच होतं. बारा वर्षं कुणाला काही खुपलं नाही. मग गुरूंनी अक्षरांची बेरीज मांडली आणि आठ काढला. आठ म्हणजे शनी. 'समृद्धी स्टील' या नावाची बेरीज मात्र सहा, म्हणजे शुक्र, म्हणजे भरभराट. पोपटशेठनी पाटी बदलली, बिलबुकं बदलली आणि वेबसाईटचं डोमेन बदलायचं काम गीतांजलीवर सोपवलं.

गीतांजली सामंत जुईनगरला राहायची आणि घरूनच लोकांच्या वेबसाईटी करून द्यायची. कॉलेजात असताना ती बुवाबाजीविरोधी पथनाट्यात होती. जळता कापूर जिभेवर ठेवून दाखवायची आणि यात दैवी काही नाही म्हणून ओरडून सांगायची. अंकशास्त्राचं ऐकून ती मनातल्या मनात हसली होती, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. आपल्याला काय, नाव बदलायचंय, बदलून देऊ, असं म्हणून तिने काम घेतलं होतं.

त्या सोमवारी सकाळी मात्र तिचं हसू पार मावळलं. शेडमधल्या कुणीही नवं नाव टाकलं की भलतंच पान उघडत होतं. 'ही जागा राखीव आहे' एवढाच मजकूर, खाली कुणातरी परक्या कंपनीची जाहिरात. पोपटशेठनी फोनवर तिची अशी काही बिनपाण्याने केली, की ती रिक्षा करून धावत आली. असं का होतंय ते तिला ठाऊक होतं. कारण अगदी साधं होतं, एका वाक्यात सांगण्यासारखं. ते तुम्हाला मी लगेच सांगत नाही, कारण तिनेही लगेच सांगितलं नाही, आणि या गोष्टीतला खरा गुन्हा तोच आहे.

तिने तोंड उघडायच्या आत गुरूंनी डोळे उघडले होते. यंत्राला वाचा असते म्हणून वाचेचा दोषही लागतो, असं त्यांनी समजावलं. सर्व्हर शनीच्या ताब्यात, क्लाउड इंद्राच्या, मधल्या वाटेवर राहू बसलेला. उपाय एकच, प्रत्येक यंत्राने अकरा मिनिटं मौन पाळायचं. झालं, एकोणीस फोन बंद करून परातीत आले. अकरा मिनिटं जप झाला. मग फोन सुरू करवून गुरू म्हणाले, "आता आपापल्या फोनात वास्तूची हवा बंद करा. वायफाय बंद. आपापल्या पॅकची हवा लावा आणि नाव घ्या."

अठरा फोनांवर समृद्धी स्टील झळकली. चकचकीत भट्ट्या, हसणारा आचारी, सगळं कसं जागच्या जागी. शेडमध्ये जो जल्लोष झाला तो वसाहतीच्या कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत ऐकू गेला. कुणी नारळ फोडला, कुणी गुरूंच्या पाया पडलं, शेजारच्या शेडचे कुलदीपसिंग तर आपल्याही वेबसाईटचा पत्ता गुरूंच्या कानात सांगायला लागले.

एक फोन मात्र तसाच राहिला. तो अक्षताचा. तेवीस वर्षांची ही मुलगी नावड्याहून यायची आणि शेडचं ऑफिस सांभाळायची. वेबसाईटवरून आलेल्या एन्क्वायरीला उत्तर देणं हे तिचं मुख्य काम. तिच्या फोनला नेटचा पॅक नव्हता, ती शेडचंच वायफाय वापरायची, म्हणून तिने ते परत लावलं आणि तिला पुन्हा ते भलतं पान दिसलं. गुरूंनी जन्मतारीख विचारली. बावीस. म्हणजे बेरीज चार. "चाराला सहा सोसत नाही," गुरू हळहळून म्हणाले. दोघेतिघे हसले आणि तिच्या आजूबाजूची माणसं थोडी सरकून उभी राहिली.

गीतांजलीच्या जिभेवर ते एक वाक्य आलं होतं. पण तेवढ्यात सकाळपासून शिव्या घालणारे पोपटशेठ हसत हसत पेढ्यांचा बॉक्स घेऊन तिच्यासमोर आले. आता सांगायचं म्हणजे आधी हे सांगावं लागणार, की एकदोन दिवस असं होईल ही कल्पना मी तुम्हाला आधीच द्यायला हवी होती आणि दिली नाही. गुरूंनी तिची चूक परस्पर झाकली होती. तिने पेढा घेतला आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी अक्षताच्याही फोनवर साईट आपोआप उघडली, पण ते बघायला कुणाला वेळ नव्हता. कारण एन्क्वायरी बंद झाल्या होत्या. रोज चारपाच यायच्या, कधी उडुपीवाल्यांच्या, कधी केटरर्सच्या, कधी कंपन्यांच्या कॅन्टीनच्या. सोमवारपासून एक नाही. गुरुवारी अक्षताने गीतांजलीला फोन केला, साईटवरचा एन्क्वायरीचा फॉर्म नीट चालतोय ना, एकदा बघता का म्हणून. गीतांजली दुसऱ्या कामात होती. तिने मोबाईलवर साईट उघडली, फोटो दिसले, फॉर्म दिसला. फॉर्म भरून मात्र पाहिला नाही. "माझ्या बाजूने सगळं ओके आहे," ती म्हणाली.

या धंद्यात दिवसातून चार वेळा म्हटलं जाणारं हे वाक्य. अक्षताने ते प्रामाणिकपणे शेठना जसंच्या तसं सांगितलं आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. वेबसाईट ओके आहे म्हटल्यावर खोट दुसरीकडे कुठेतरी असणार. गुरू पुन्हा आले. लक्ष्मी दारापर्यंत येतेय पण उंबऱ्यावर चार उभा आहे, असं त्यांनी सांगितलं. हे सांगताना ते अक्षताच्या टेबलाकडे बघतसुद्धा नव्हते, इतकी त्यांची सफाई. पायगुण हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. तो दुपारच्या डब्याच्या वेळी वेल्डरांनीच उच्चारला.

पुढच्या बुधवारी दुपारी गीतांजलीला कसलीशी चुटपुट लागली म्हणून तिने समृद्धी स्टीलचा फॉर्म स्वतः भरून पाठवला. तो कुठेच पोहोचला नाही. तिने साईटची मागची बाजू उघडली. नाव बदलताना फॉर्मचा मेल जायचा पत्ता बदलायचा ती विसरली होती. फॉर्म अजून जुन्याच नावाच्या मेलपेटीकडे एन्क्वायरी धाडत होता आणि ती पेटी तिने स्वतःच्या हाताने बंद केली होती. प्रत्येक एन्क्वायरीची एक प्रत साईटच्या आत साठत होती, तेवढं नशीब. तिथे एकेचाळीस माणसं उत्तराची वाट बघत पडली होती.

दुरुस्ती सात मिनिटांत झाली. पुढच्या महिन्यात वसाहतीच्या मालक संघटनेकडून सगळ्या शेडच्या वेबसाईटींचं काम तिला मिळणार होतं आणि पोपटशेठ त्या कमिटीवर होते. आता सांगून काय मिळणार, असं तिला वाटलं. काम तर दुरुस्त झालं. साठलेल्या एकेचाळीस एन्क्वायरी एकदम सोडल्या तर शेठ विचारणार, म्हणून तिने त्या थोड्याथोड्या सोडल्या. दहा त्याच दुपारी, दहा संध्याकाळी, बाकीच्या दुसऱ्या दिवशी. इतका बेमालूम चमत्कार बुवालासुद्धा जमला नसता.

गुरुवारी पोपटशेठचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "मॅडम, गुरूंचं खरं झालं बगा. काल सकाली पोरीला घरी बसवली, आन दुपारपासून एन्क्वायऱ्या नुसत्या धो धो. शनिवारी गुरूंचा सत्कार हाय, तुमी यायलाच पायजे." कुलदीपसिंगांसकट तीन शेडवाल्यांनी आपल्या कामगारांच्या जन्मतारखा मागवल्या आहेत, हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं.

गीतांजलीने फोन ठेवला. गुपचूप केलेली तिची दुरुस्ती एका मुलीविरुद्धचा पुरावा होऊन बसली होती. मुलगी गेली आणि बरकत आली, हे आता साऱ्या वसाहतीने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला स्वतःची अशी लाज वाटली की आरशासमोरून जायचं तिने टाळलं.

तिने अक्षताला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, नुसतं कशी आहेस विचारलं.

"बरी आहे मॅडम," अक्षता म्हणाली. "आमच्या घरात बुद्धवंदना असते. अंगारा, धुपारा, तारखा, कोणी काही मानत नाही. मी पण हसले होते पहिल्या दिवशी. पण काल आई म्हणाली, तुझं खरंच काही चुकलं नाही ना गं? आणि आता मी पण विचार करते. मी गेले आणि लगेच कशा आल्या? तुम्ही तर साईट ओके म्हणाला होता."

शनिवारी तू ये, असं गीतांजली कसंबसं म्हणाली. का, ते सांगायचं धैर्य तिला तेव्हाही झालं नाही.

शनिवारी शेड परत भरली. गुरूंना शाल होती, श्रीफळ होतं, आणि एक स्टीलची नवी कोरी डोसाभट्टी होती, जिचं त्यांना काय करायचं होतं देव जाणे. अक्षता दारात आली तेव्हा कुजबुज उठली. पोपटशेठचा चेहरा पडला. आज शुभ दिवस हाय, तू भायेरच थांब, असं ते म्हणायला लागले. केशरबाई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली ही बाई रोज दुपारी शेडमध्ये येऊन बसायची, आणि आपल्या नावात शनी निघाल्यापासून गुरूंशी एक अक्षर बोलली नव्हती. त्या उठल्या, अक्षताचा हात धरून तिला आत आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

गीतांजलीने माईक घेतला. सत्काराचं भाषण असेल म्हणून टाळ्या पडल्या.

"एन्क्वायरी माझ्यामुळे बंद झाल्या होत्या," ती म्हणाली. "अक्षतामुळे नाही. मी आत्ता परत बंद करून दाखवते."

तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि चारपाच ओळींत सगळं सांगून टाकलं. फॉर्म भरला की तो एका पत्त्यावर मेल होऊन जातो. तो पत्ता जुन्या नावाचा राहिला. जुन्या नावाची पेटी मी बंद केली. म्हणजे पत्रं टाकली जात होती, पण ती पडायला पेटीच नव्हती. बुधवारी मी पत्ता बदलला आणि साठलेली पत्रं हप्त्याहप्त्याने सोडली, तुम्हाला संशय येऊ नये म्हणून.

गुरू मंद हसले. ताई भावनेच्या भरात बोलतायत, मुलीची दया आलीय त्यांना, असं ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. एक आठवडाभर मनात धरलेला विश्वास असा एका कबुलीने कुठे सुटतो?

तेव्हा गीतांजलीने केशरबाईंना पुढे बोलावलं. पत्ता जुना ठेवायचा की नवा, ते त्यांनी ठरवायचं. अक्षताने आत बसायचं की बाहेर जायचं, तेही त्यांनीच. कुलदीपसिंगांनी आपल्या फोनवरून दर वेळी एक फॉर्म भरायचा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एन्क्वायरी येते का ते पोपटशेठनी स्वतः बघायचं.

केशरबाईंनी आधी पत्ता नवा ठेवायला लावला आणि अक्षताला आत बसवलं. एन्क्वायरी आली. मग तिला बाहेर पाठवून पत्ता जुना करायला सांगितला. नाही आली. मग पत्ता तसाच ठेवून तिला आत बोलावलं. नाही आली. ती आतच बसलेली असताना पत्ता पुन्हा नवा केला आणि कॉम्प्युटरने टिंग केलं. म्हातारीला या खेळात भलताच रस आला होता. तिने असं आठ वेळा करवलं, अक्षताला आतबाहेर करून दमवलं, आणि मग मुलाकडे वळून म्हणाली, "पोरगी आत असो नायतर भायेर, काय फरक परत नाय. पत्त्याचा फरक परतो. कललं का?"

पोपटशेठनी कॉम्प्युटरवर आलेल्या एन्क्वायरी एकदा मोजून पाहिल्या.

"मंग त्या दिवशीचे फोन?" पाठीमागून कुणीतरी विचारलं. ते मौन घेतल्यावरच उघडले होते ना?

तेही गीतांजलीने सांगितलं. सोसायटीच्या वॉचमनला तुम्ही विचारलं की अमुक नावाचे लोक कुठे राहतात, तर तो एकदा चौकशी करतो आणि पुढे दिवसभर तेच उत्तर देतो, पुन्हा वर जाऊन बघत नाही. शेडचं वायफाय तसंच. त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी नवं नाव नुसतं विकत घेतलं होतं, त्यावर साईट चढवली नव्हती. तरी उत्साहाने सगळ्यांनी ते टाकून बघितलं. तेव्हा तिथे नावं विकणाऱ्या कंपनीचं राखीव पान होतं, तेच वायफायने लक्षात ठेवलं. रविवारी साईट चढली, पण शेडचा वॉचमन जुनंच उत्तर देत बसला. मोबाईल कंपन्यांचे वॉचमन वेगळे. त्यांना सोमवारी प्रथमच कुणीतरी विचारलं, त्यांनी ताजं उत्तर दिलं. ज्याने वायफाय सोडून आपला पॅक लावला त्याची साईट उघडली. अक्षताकडे पॅक नव्हता, एवढंच तिचं पाप. फोन अकरा मिनिटं बंद ठेवायची किंवा परातीत निजवायची काहीएक गरज नव्हती.

केशरबाई आता गुरूंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मना एक सांग बाबा. तुज्या मंतरात वायफाय बंद करायचं कवापासून हाय?"

गुरू म्हणाले, की तो विधीचा तांत्रिक भाग आहे, सामान्यांना कळायचा नाही. तेवढ्यात इतका वेळ डोकं खाजवत असलेल्या कुलदीपसिंगांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे, जुईनगर स्टेशनबाहेर तुमचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान होतं ना? माझा फोन आणला होता मी. तेव्हापण तुम्ही हेच केलं, बंद करून चालू, आणि वायफाय काढून बघा. फक्त तेव्हा नारळ नव्हता."

सगळी शेड हसली. हसणाऱ्यांत सोमवारी पाया पडलेलेही होते. गुरूंनी शाल आवरली, दुसऱ्या ठिकाणी मुहूर्त गाठायचाय म्हणाले आणि निघाले. भट्टी राहिली.

पोपटशेठनी अक्षताला सोमवारपासून ये म्हणून सांगितलं. माफी मागायला त्यांना जमलं नाही, पण तिच्यासाठी चहा त्यांनी स्वतः आणला. गीतांजलीला ते म्हणाले, "साईट तुमी बिगडवली. वर पोरीवर खोटा आल आला तरी गप बसल्या. कमिटीला मी काय सांगू?" ते काम गेलं हे तिला समजलं, आणि त्याचं तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

निघायच्या आधी तिने पुन्हा माईक घेतला आणि एवढंच सांगितलं. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली असं धरून चालू नका. पारखून बघा. एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, आणि काय होतं ते बघा. आत्ता आजींनी केलं तसं. माणसाच्या जन्मतारखेवर बोट ठेवण्याआधी निदान एकदा एवढं करा, कारण यंत्रातली चूक सात मिनिटांत दुरुस्त होते, माणसावर बसलेला शिक्का होत नाही. ज्या तीन शेडवाल्यांनी जन्मतारखा मागवल्या होत्या, त्यांतल्या दोघांनी खाली बघितलं.

ती रस्त्यावर आली तेव्हा अक्षता रिक्षाची वाट बघत उभी होती. गीतांजलीने तिची मनापासून माफी मागितली. अक्षताने सगळं ऐकून घेतलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त जड गेलं.

"मॅडम, त्या गुरूला फोनचं माहीत होतं. पण एन्क्वायरी का बंद झाल्या ते त्याला माहीत नव्हतं, तो आपला अंदाजाने बोलत होता. बुधवारी दुपारी या सगळ्या वसाहतीत खरं कारण माहीत असलेलं माणूस एकच होतं."

रिक्षा आली आणि ती बसून गेली.

गीतांजली चालत निघाली. कॉलेजात जळता कापूर तोंडात धरताना तिला वाटायचं, की अंधश्रद्धा म्हणजे न कळणाऱ्यांचा रोग. ती चूक होती. बुवाची पोथी निम्मीच असते, उरलेली ज्याला कारण कळतं आणि जो गप्प बसतो तो लिहितो. तेव्हा तुम्हाला विनंती एवढीच आहे. चमत्कार दिसला तर कारण विचारा, आणि कारण तुमच्यापाशी असेल तर ते सांगा. त्यात तुमची चूक उघडी पडत असेल तर त्याच दिवशी सांगा.